साइडिंग नंबर तीन: मोकळी

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी आठही अंगं मोजून घ्यावीत.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलंय आणि तुम्ही रोज तासभर डॉक्टरांना नावं ठेवता, असं मामीनं लिहिलंय. दिवसभर खिडकीशी बसून असता, कुणी बाहेर चला म्हटलं की ‘आता माझं कुठे काय काम आहे’ म्हणता, हेही तिनंच कळवलं. वाचून फार वाईट वाटलं. इकडे स्टेशन मजेत आहे. दिवसाला दोन गाड्या येतात आणि त्याच दोन परत जातात. तुमची खुर्ची अजून डावीकडे कलते. सहा वर्षांत मीही तिच्याबरोबर कलायला शिकलो, कंबरेचं दुखणं त्यातलंच.

पत्राला तसं कारण काही नाही. सहज लिहायला बसलो.

झालं काय, की गेल्या महिन्यात मुख्य कचेरीचा कागद आला. स्टेशनातल्या वापरात नसलेल्या तीन साइडिंगांचा संक्षिप्त इतिहास पाठवा. केव्हा बांधल्या, कशासाठी बांधल्या, शेवटचा डबा कधी उभा राहिला, आज काय अवस्था आहे. ज्यांचा उपयोग नाही त्या उखडण्यात येतील. (मामी पत्र वाचून दाखवत असेल तर तिच्यासाठी: साइडिंग म्हणजे मुख्य रुळांना फुटलेला आखूड फाटा, मालाचे डबे बाजूला उभे करायला. पस्तीस वर्षं स्टेशनमास्तरशी संसार करून तिनं हे कधी विचारलं नाही, यातच तिचं शहाणपण आहे.) आता तुम्हाला माहीत आहे, लिहायचं म्हटलं की मला हुरूप येतो. शाळेत निबंधात माझा पहिला नंबर आला होता. (दुसरा मुलगा त्या दिवशी आजारी होता, हे तुम्ही दर वेळी सांगता, म्हणून मीच सांगून टाकतो.) कचेरीनं एक पान मागितलं होतं, मी कोरी वही काढली.

इतिहास लिहायचा तर जागेवर जाऊन मोजमाप हवं. म्हणून मी टेप घेतली, छत्री घेतली आणि टेपचं दुसरं टोक धरायला धाकट्याला घेतलं. धाकटा आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे, पण थोरला सांधेवाला (मामीसाठी: गाडीला रूळ बदलून देणारा) निवृत्त होऊन, त्याच्या जागी नवा माणूस येऊन आठ वर्षं झाली तरी याचं धाकटेपण काही सुटलेलं नाही. पहिली साइडिंग दगडाच्या खाणीसाठी बांधलेली. खाण बंद पडली, आता रुळांमधे एक कुत्री पाच पिल्लांसह राहते आणि तिला मोजमाप पसंत नाही. (पँटचा नमुना जपून ठेवला आहे.) दुसरी लाकडाच्या वखारीसाठी. वखार जाऊनही जमाना झाला. तिथं परीट धुतलेले कपडे वाळत घालतो, त्यामुळे मला एकशे दहा मीटरचं माप ओल्या चादरींमधून वाकत वाकत घ्यावं लागलं. इथवर सगळं ठीक होतं.

तिसरी सापडेना.

मामा, मी या स्टेशनावर डोळ्यांत तेल घालून काम करतो, हे मी तुम्हाला प्रत्येक पत्रात लिहीत आलोय. रोज सकाळी पहिली गाडी गेली की रजिस्टरात नोंद करतो: साइडिंग नंबर एक, मोकळी. नंबर दोन, मोकळी. नंबर तीन, लांबी एकशे चाळीस मीटर, मोकळी. खाली सही. मालधक्क्याच्या मागे बघितलं, पाण्याच्या टाकीमागे बघितलं, शाळेच्या कुंपणाला लागून बघता बघता गटारात गेलो. (छत्री उघडी असल्यामुळे उतरणं तसं सावकाश झालं.) एकशे चाळीस मीटर लोखंड काही खिशात घालून कुणी नेत नाही. माझी खात्रीच पटली की चोरी झाली. तसाच चिखलाच्या पायांनी हवालदाराकडे गेलो. त्यानं तक्रार लिहायला घेतली आणि विचारलं, साइडिंग शेवटची केव्हा पाहिलीत? मी छातीठोकपणे सांगितलं, आज सकाळी, सही केली आहे. त्यानं लेखणी खाली ठेवली आणि मला आधी पाणी दिलं.

बाहेर आलो तर धाकटा टेपचं टोक अजून हातात धरून उभा. म्हणाला, “साहेब, रागवू नका, पण तिथं काही नाहीये. कधीच नव्हतं. आम्हाला वाटलं, मामांनी जाताना तुमच्या कानावर घातलं असेल.”

मग रजिस्टरांचा जुना गठ्ठा काढला. एकतीस वर्षांपूर्वीची पहिली नोंद, तुमचं ते पुढे झुकलेलं अक्षर. आदल्याच दिवशीचा कचेरीचा कागद टाचणीनं लावलेला: दुसरा सांधेवाला तीन नंबरच्या साइडिंगसाठीच ठेवावा, जिथं ती नसेल तिथं त्याला कामावरून कमी करावं. धाकट्याचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. तुम्ही एका रात्रीत, एकही मजूर न लावता, एकशे चाळीस मीटरची साइडिंग बांधलीत. पंचवीस वर्षं रोज तिच्याखाली तुमची सही आहे आणि पुढची सहा वर्षं माझी. परिटाला ठाऊक होतं, पोस्टमास्तरला ठाऊक होतं, चहावालीला ठाऊक होतं. सगळे मला मोठ्या मनाचा माणूस समजत होते, आणि मी नुसता न बघता सही करणारा निघालो! दोन दिवस मला कुणाच्या नजरेला नजर देववेना. पण मामा, खरं सांगतो, त्या नोंदीवर हात ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. तुमचा इतका अभिमान मला आजवर कधी वाटला नव्हता.

(हवालदाराला जाऊन सांगितलं की साइडिंग सापडली. कुठे, म्हणाला. म्हटलं, जागेवरच.)

आता पंचाईत अशी, की धाकट्याच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तीन नंबर नाही असं लिहावं तर त्याची नोकरी उद्याच जाते. आहे असं लिहावं तर जन्मात खोटं लिहिलेलं नाही. (न बघता लिहिणं वेगळं.) शेवटी एक आणि दोनचा इतिहास तीन-तीन ओळींत उरकला आणि तीन नंबरवर दोन पानं लिहिली. लिहिलं, की या साइडिंगवर एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. एकही डबा रुळावरून घसरलेला नाही. प्रवाशांची, व्यापाऱ्यांची, गुराख्यांची एकही तक्रार नाही. रूळ तसूभरही झिजलेले नाहीत आणि देखभालीसाठी कचेरीकडे कधी काही मागितलेलं नाही. एका कुटुंबाचा संसार हिच्यावर उभा राहिला आहे. यातला एक शब्द खोटा असेल तर दाखवा. निबंधात पहिला नंबर उगाच आला नव्हता.

ते कागद पाठवून दिले, आता निवांत आहे. तुम्हीही निवांत असावं. गुडघ्याला जपा. मामीस नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, राग आला असेल तर तो समक्ष भेटीत काढावा.

तुमचा भाचा,
स्टेशनमास्तर (न बघणारा)

ता. क. कचेरीचं उत्तर आलं, तेवढं लिहायचं राहिलं. साहेबांना इतिहास फार आवडला. एक आणि दोन नंबर उखडायचा हुकूम झाला आहे. तीन नंबर मात्र आदर्श साइडिंग म्हणून कायम जपायची, तिथं फलक लावायचा, आणि तो लावायला साहेब स्वतः शुक्रवारी येणार आहेत.

दुसरा ता. क. घाबरू नका. रूळ उखडायला आलेल्या टोळीचा मुकादम भला माणूस आहे. एक नंबरचे रूळ काढून नेईपर्यंत त्याला कुठेतरी ठेवायचेच आहेत. ते ओळीनं, स्लीपरांवर, खिळे मारून ठेवायला त्याची हरकत नाही. कमी पडले तर दोन नंबरचे आहेत. (कुत्री आणि पिल्लं माझ्या कचेरीत हलवली आहेत. हे सगळं मी एका हातानं लिहितोय, दुसरा तिनं धरलाय.) फक्त मुकादम विचारतोय की फाटा कुठून फुटतो आणि कोणत्या बाजूला वळतो. एकतीस वर्षांच्या नोंदींत तुम्ही लांबी लिहिलीत, दिशा एकदाही लिहिली नाहीत. ती तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तेव्हा मामा, काम आहे. आणि तुमचंच आहे.

तिसरा ता. क. हे पत्र घेऊन आलेला माणूस म्हणजे धाकटा. तुम्ही वाचेपर्यंत तो दारातच उभा राहील. बस म्हटलं तर बसणार नाही, कारण दुपारची गाडी पकडायची आहे. तुमची पिशवी मामीनं कालच भरून ठेवली आहे, टोपी तिच्यात वरच आहे. टेपचं दुसरं टोक तेवढं तुम्ही धरा.