पाच गोळ्यांची तोफ आणि आमचं दार

३ ऑक्टोबर

आणलं एकदाचं! अर्ध्या इंचाच्या तोंडाचं रिव्हॉल्व्हर. वजन पाच पौंड, गोळ्या पाच. दुकानदार म्हणाला, "चाल करून आलेलं अस्वल जागच्या जागी बसेल." नॉर्थ डकोटाच्या आमच्या या कोपऱ्यात अस्वल माझ्या बापानंही पाहिलेलं नाही. पण अस्वल बसतं म्हटल्यावर चोराची काय कथा.

आर्डिसनं ते टेबलावर पाहिलं आणि बटाटे सोलत राहिली. "चोर आपल्याकडून नेणार काय, ऑर्लिन? बीटच्या लोणच्याच्या बरण्या?"

मी म्हटलं, पलीकडच्या तालुक्यात एकाच्या शेडमधून झाडं कापायची करवत गेली, ऐकलंस ना?

"ती त्याच्या मेव्हण्यानं नेली होती. परत पण आणून दिली."

बायकोशी संरक्षणावर बोलण्यात अर्थ नाही.

५ ऑक्टोबर

इथे लिहायला हरकत नाही. मार्चमध्ये माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय परत आला, हात अर्धाच आला. बत्तीस वर्षं मी तालुक्याचा बर्फ काढायचा ट्रक चालवला, शंभर पौंडांची पोती एका खांद्यावर टाकली. परवा बरणीचं झाकण उघडेना. आर्डिसनं न बोलता माझ्या हातातून बरणी घेतली आणि उघडून परत ठेवली. न बोलता — तेच लागलं. उद्या कोणी घरात घुसलं तर तिनं माझ्या मागे उभं राहायचं की मी तिच्या?

म्हणून हे. हात अर्धा असेल तर हत्यार दुप्पट पाहिजे. हिशेब सरळ आहे.

८ ऑक्टोबर

सेल्मरला घेऊन गावाबाहेरच्या खडीच्या खाणीवर गेलो. सेल्मर म्हणजे माझ्या ट्रकवरचा जोडीदार, तोंडाचा फाटका. पहिली गोळी त्यानं मारली. नेम धरायला ठेवलेला डबा जागेवरच राहिला, सेल्मरची टोपी मागे गेली आणि नळी त्याच्या कपाळावर आपटली. खाली बसला. मग म्हणाला, "लेका, चोराला हे नुसतं हातात दे. तो स्वतःच आडवा होईल."

मी दोन मारल्या. दुसरीनंतर मनगट सुजलं. कान अजून गुणगुणताहेत. आर्डिस जेवताना काय म्हणाली, कळलं नाही. हो म्हणालो. रविवारी चर्चच्या तळघरातल्या कॉफीला खुर्च्या मांडायच्या आहेत म्हणे.

सेल्मरचं मत — घरासाठी हे अगदीच कुचकामी. पण टेंगूळ आलेल्या माणसाचं मत निःपक्षपाती कसं असेल?

११ ऑक्टोबर

दुकानदारानं एक गोष्ट सांगितली नव्हती. ही गोळी चोरात थांबत नाही. आमच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. कागदावर घराचा नकाशा काढला, पट्टी ठेवून रेघा मारल्या. पलंगावरून दाराकडे मारली तर — दार, स्वयंपाकघर, बाहेरची भिंत, मग आमची शेजारीण थोरा, तिचं घर, आणि थोराची टीव्हीसमोरची खुर्ची. पुन्हा मोजलं. खुर्चीच.

पश्चिमेकडे मारली तर प्रोपेन गॅसची टाकी. दक्षिणेला चर्च. एकच दिशा मोकळी, उत्तर. तिकडे बीटचं रान, पाच मैल माणूस नाही.

तेव्हा चोर उत्तरेच्या खिडकीतून आला पाहिजे.

"त्याला पत्र टाक," आर्डिस म्हणाली.

१२ ऑक्टोबर

पलंग फिरवला. आता तोंड उत्तरेला. कपाटाचं दार मात्र उघडत नाही, आर्डिसचे कोट आत अडकलेत. ती माझं जुनं जाकीट घालून फिरते. सेल्मरनं खिडकीतून पाहिलं आणि हसत निघून गेला.

१७ ऑक्टोबर

कवायत. दुपारी तीनला पडदे ओढले आणि पलंगावर झोपलो. आर्डिसच्या हातात घड्याळ. चष्मा, कानात घालायचे जुने बोळे, टॉर्च, मग खण उघडून रिव्हॉल्व्हर. टॉर्च डाव्या हातात धरवेना, दातात धरला. एक मिनिट पन्नास सेकंद.

"तोवर चोराची कॉफी पिऊन झाली असती," आर्डिस म्हणाली. तिची झालीच होती.

रोज करायची असं ठरवलं.

२४ ऑक्टोबर



दुपारची कवायत चालू होती. आज म्हटलं, खरंखुरं करून पाहू, गोळ्या भरून. कानात बोळे. वळलो तर दारात माणूस. नळी वर केली, बोट चापावर होतं.

थोरा होती. हातात खिम्याची हॉटडिश, वर बटाट्याचे गोळे. तिनं नेहमीसारखी दारातूनच "आहात का घरात?" अशी हाक मारली असणार आणि आत आली असणार. चाळीस वर्षं अशीच येते. या गावात दार ठोठावतो तो एक विमेवाला आणि दुसरे धर्म बदलायला सांगणारे. बाकी सगळे येतात, शेगडीवरची कॉफी ओतून घेतात, मग घरात कोणी आहे का ते बघतात.

थोरा जराही हलली नाही. "ऑर्लिन, ते बाजूला कर. डिश गरम आहे, हात भाजतोय."

मी बाजूला केलं. तिनं डिश ठेवली, ओव्हन किती ठेवायचा ते सांगितलं आणि गेली. ती फाटकाजवळ जाऊन बराच वेळ फाटकाला धरून उभी राहिलेली मी खिडकीतून पाहिली.

आर्डिस टेबलाशी बसली. जेवली नाही. "ते घरातून घालव," म्हणाली. एवढंच.

२५ ऑक्टोबर

रात्रभर विचार केला. चूक कुठे झाली ते सापडलं. थोरानं ठोठावलं नाही.

२६ ऑक्टोबर

आर्डिस म्हणते, तोफ गेली पाहिजे. मी म्हणतो, हे वागणं गेलं पाहिजे. कोणीही उठावं आणि आत यावं, हे घर आहे की गावच्या धान्यकोठाराचं ऑफिस? कुलूप लावू म्हटलं तर किल्ली नाही. कधीची नाही, विचारलं. आर्डिस आठवत बसली. "मार्लाच्या बाप्तिस्म्याला होती का? नाही, तेव्हाही नव्हती." मार्ला आमची मुलगी, मिनियापोलिसला असते. ती सेहेचाळीसची झाली.

म्हणजे पलंगाशी अस्वल मारायचं हत्यार आणि दाराच्या कुलपाला किल्लीच नाही. सेल्मरला सांगू नये हे.

२ नोव्हेंबर

नवीन दार बसवलं. पोलादी, चहूबाजूंनी रबराची पट्टी, आपोआप बंद होणारं कुलूप. सेल्मरनं धरलं, स्क्रू मी पिळले, सगळे मीच, उजव्या हातानं. दुपार गेली पण बसलं झक्क. आत उभं राहिलं की रस्त्यावरचा बीटचा ट्रकही ऐकू येत नाही. मार्चनंतर पहिल्यांदा माणूस असल्यासारखं वाटलं.

वर पाटी लावली — ठोठावा. थांबा. आतून हाक आल्याशिवाय आत येऊ नका.

"आणि हाक आली नाही तर?" सेल्मरनं विचारलं.

मी म्हटलं, घरी जायचं.

५ नोव्हेंबर

चर्चमध्ये कॉफीच्या वेळी उभा राहून सगळ्यांना सांगितलं. दाराच्या कडीला हात लावायचा नाही, माझ्याकडे काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, अपघात व्हायला नको.  लेफ्सेची, म्हणजे बटाट्याच्या पोळ्यांची, ताटली फिरता फिरता थांबली. पाद्रीबाई म्हणाल्या, "बरं, ऑर्लिन." आमच्या लोकांत याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

 घरी आल्यावर आर्डिस म्हणाली, "माझी माणसं होती ती."

म्हटलं, अजून आहेत. फक्त ठोठावतील.

१० नोव्हेंबर

सकाळी आर्डिसनं नेहमीचं बारा कपांचं भांडं भरून कॉफी केली. दुपारी दहा कप मोरीत ओतले.

११ नोव्हेंबर

तसंच.

१४ नोव्हेंबर

आज सहा कपांचं भांडं काढलं तिनं. टपालवाली फाटकातून हात करून गेली. मी आर्डिसबरोबर पत्ते खेळलो. ती सारखी दाराकडे बघते. मीही बघतो, पण वेगळ्या कारणानं. दोन डाव हरली, एरवी हरत नाही.

संध्याकाळी म्हणाली, "तू कुणाला घाबरतोस, ऑर्लिन? नाव सांग एखादं."

नाव सुचलं नाही. मार्चपासूनचं सांगायचं होतं, बरणीचं. सांगितलं नाही. पत्ते पिसले, तेही एका हातानं, अर्धे खाली पडले. तिनं ते उचलले नाहीत, माझे मला उचलू दिले. त्याबद्दल मी तिचा फार आभारी आहे, तेही सांगितलं नाही.

१७ नोव्हेंबर

थोरा आली! ठोठावलं. थांबली. आर्डिसनं हाक देऊन दार उघडलं तेव्हाच आत आली. बूट काढताना म्हणाली, "ठोठावताना मला विमा विकायला आल्यासारखं वाटतं." आर्डिस हसली, किती दिवसांनी. दोघी दोन तास बसल्या. थोरा जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "नियम पाळला हं मी."

पाळला. मला वेड लागलंय असं ज्यांना ज्यांना वाटत होतं, त्यांनी बघून घ्यावं. माणसाला वळण लावता येतं.

१९ नोव्हेंबर

आता एकच उणीव. घरात ही तोफ उडाली तर माझे कान बोळ्यांनी वाचतील, आर्डिसचे जातील. म्हणजे चोर येईल तेव्हा आधी तिच्या कानांवर काहीतरी चढवायला हवं. मायनॉटला चांगली कर्णटोपी मिळते, बोलणं ऐकू येतं आणि धमाका येत नाही अशी. सत्तर मैल. उद्या सकाळी नऊला निघेन, चारपर्यंत परत.

आर्डिसला म्हटलं, चल बरोबर. म्हणाली नको, थँक्सगिव्हिंगचा सण चार दिवसांवर आला, टर्की तळघरातल्या फ्रीझरमधून काढून ठेवायचीय. थोरालाही सकाळी बोलावलंय.

म्हटलं, दार लावून घे. तिनं मान हलवली. सगळं कसं जागच्या जागी बसलंय. या घराइतकं सुरक्षित घर तालुक्यात नाही.

२३ नोव्हेंबर

आर्डिस विसाव्या तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला तळघराच्या जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. थोरा साडेदहाला आली होती. तीनदा ठोठावलं, थांबली, घरी गेली. मी चारला पोचलो.

आज हॉस्पिटलात आर्डिसला शुद्ध आली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी हाका मारत होते रे. दार फार छान बसवलंस तू."