बिनचूक वाक्य

अप्पा, तुमचं तेरावं उरकलं आणि मी पुण्याची गाडी पकडली. तिथे डच शिकले. पहिल्याच आठवड्यात एका दुकानदाराने विचारलं, "तुम्ही कुठल्या? बाहेरच्या असून मराठी बरी बोलता हं." आपल्या कुंभकोणम्‌कडे मराठी राजांच्या काळापासून जपलेली म्हणून जी भाषा तुम्ही छडी घेऊन आमच्या अंगात भिनवलीत, तिला त्याच्या गल्ल्यावरची पोरं फिदीफिदी हसली. मला वाईट वाटलं नाही. तुम्ही ते ऐकायला हवे होतात, असं मात्र वाटलं.

उंबऱ्याच्या आत तमिळ शब्द तोंडून निघाला, की वाक्य नीट मराठीत म्हणेपर्यंत पानावर भात पडायचा नाही, हा तुमचा नियम. मी एकोणीस वर्षांची, केळीच्या पानासमोर बसले आहे. अम्मा भाताचं पातेलं धरून उभी आहे, तुमची बोटं तिच्या गालावर अजून उमटलेली आहेत. मी रडत म्हणते, "अप्पा, मला हितून जाऊं द्या. मूच्चु मुट्टतं." श्वास कोंडतो, हे मला त्या क्षणी तमिळमध्येच सुचलं. तुम्ही मानही वर केली नाहीत. "त्ये तमिळ. मराठींत सांग." मी सांगितलं, "जीव कोंडतो, अप्पा." "अता बरं होलं. वाढ तिला," असं अम्माला म्हणालात आणि रसम ओरपू लागलात. माझ्या जाण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आता कुंभकोणम्‌ला, आपल्याच माडीवर, हॉलंडला नोकरीसाठी निघालेल्या नर्सेसना मी डच शिकवते. आज 'झोदात' घेतलं, म्हणजे आपलं 'जेणेकरून'. वाक्यातली दोन्ही कामं करणारा एकच असेल तर 'ओम' आणि 'ते' वर, म्हणजे आपल्या 'करण्यासाठी'वर, भागतं. करणारा बदलला की 'झोदात' घ्यायचं आणि त्याच्या पुढे येणारं क्रियापद शेवटी ढकलायचं. मराठीत काय, तमिळमध्ये काय, क्रियापद शेवटीच बसतं. तरी पोरी चुकतात, कारण साध्या डच वाक्यात ते उचलून मध्ये आणायला मीच त्यांना घोटून शिकवलेलं असतं.

उदाहरण द्यायला आडुतुरैहून येणारी एक मुलगी उठली. अडखळत डचमध्ये म्हणाली, मी लांब जाते आहे, जेणेकरून माझा बाप मला शोधू शकणार नाही. तिचं क्रियापद मध्येच राहिलं होतं. मी म्हटलं, "चूक. पुन्हा." तिने बापाला पुन्हा वाक्यात आणलं आणि पुन्हा चुकली. मी पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी जमलं तेव्हा "शाबास, बस" म्हणून मी पुढच्या मुलीकडे वळले.

हे पत्र मी फाडणार आहे. तुमच्या हाती लागलं असतं, तर तुम्ही त्यातली पुणेरी मराठी खोडत बसला असतात, दुसरं काही नाही. फाडण्याआधी एवढं कबूल करते: ती उठली तेव्हाच तिचे डोळे भरलेले मला दिसले होते. आणि वाक्य बिनचूक आलं तेव्हा मला आनंद झाला, अप्पा.