माहेरवाशिणींचा डोह

मोताळा,
दि. १४ मे २०२५

प्रिय गोपालदादास,
वंदनाचा नमस्कार.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. आम्ही सगळे बरे आहोत. पायल दहावी पास झाली. मामाला पेढे पाठवू म्हणून मागे लागली होती, मी विषय बदलला. ऊन म्हणशील तर अंगाची लाही होते आहे. लिंबाचं लोणचं घातलंय. वहिनीला आवडतं ते, पण यंदा पाठवत नाही.

आखाजीला माहेरी आले तर तू घरी नव्हतास. मुद्दाम नव्हतास.

आठवतं, आखाजीला आई पुरणपोळीचा पहिला तुकडा डोहावर न्यायची? उन्हाळ्यात नदी आटली की खडस मासे त्या डोहात आसऱ्याला यायचे, म्हणून गाव त्यांना माहेरवाशिणी म्हणायचं. पाऊस पडेपर्यंत तिथे ना जाळं, ना गळ. मोठा मासा तुझ्या हातून खातो की माझ्या, यावरून तू माझ्याशी भांडायचास. आता हा मासा आपल्या नदीत दुसरीकडे कुठेच उरला नाही, असं माशांवर काम करणारी अकोल्याची मंडळी सांगत होती.

यंदा मी पोळी घेऊन गेले, तर डोहात चिखल. तुझ्या पोकलेनने रेतीसाठी खालच्या अंगाला डोहापेक्षा खोल खड्डे पाडलेत, सगळं पाणी तिकडे उतरलं. उरलेल्या डबक्यात मासे उघड्या पाठीने तडफडत होते. अकोल्याची मंडळी त्यांना धरणात हलवायला जाळी आणि टाक्या घेऊन आली होती. आणि आपलं गाव त्यांना आडवं उभं. सगळ्यांत पुढे आबा, हातात काठी.

"माहेरवाशिणीवर जाळं? माह्या जितेपणी नाही!"

मी म्हटलं, "आबा, त्या मरून राह्यल्या हो."

"देवाची मर्जी. गोपाल सांगून गेला मले, एकदा जाळं पडलं का गावावर कोप होते."

दादा, देवाधर्माचं तुला कधीपासून सुचायला लागलं? ती माणसं नदीत उतरली असती तर त्यांना तुझे खड्डे दिसले असते, एवढंच ना? तुला मशीन वाचवायची होती. त्यासाठी तू आपल्या म्हाताऱ्या बापाला काठी घेऊन पहाऱ्याला उभं केलंस. याची मला इतकी चीड आहे की लिहितानाही दात आवळले जातात.

वाद चालला होता आणि मासे उलटे होत होते. शेवटी शेजारची तानाबाई उठली. "जाळं नोको ना? मंग लुगडं तं चालते? माहेरवाशिणीले ओटी भरूनच पाठवतेत, काऊन विसरले बे सारे?" पदर पसरून ती चिखलात उतरली. मग आम्ही सगळ्याच उतरलो. आबांनी काठी खाली ठेवली. ओटीत जिवंत मासा धडपडतो ना, तो थेट पोटातल्या लेकरासारखा. मोठा मासा तोवर मेला होता. त्याला आबांनी स्वतः उचललं.

वाचले ते थोडेच. ह्यांनी पिकअप आणली होती, तिच्यात टाक्या चढवल्या आणि मासे आमच्या इकडच्या धरणात सोडले.

इथवर लिहून दोनदा पेन खाली ठेवला. पण पुढचं तुला माझ्याकडूनच कळायला हवं. तहसीलमध्ये तुझ्याविरुद्ध जबाब दिला तो मी. गावात कुणावर संशय घेऊ नकोस, तानाबाईच्या दारात तर जाऊच नकोस. पोकलेन कुणाचं, असं विचारलं तेव्हा म्हटलं, माझ्या सख्ख्या भावाचं. आणि सही केली. घरी येऊन मात्र खूप रडले.

माझ्या सहीखाली आबांनी अंगठा दिला आहे. तेव्हा त्यांना माझ्याविरुद्ध भरवायला जाऊ नकोस, उपयोग नाही.

यंदा राखी येणार नाही. पुढच्या आखाजीला मीही येणार नाही. ते खड्डे बुजवलेस आणि डोहात पुन्हा पाणी टिकलं, तर निरोप पाठव. त्या माहेरवाशिणींना घेऊनच येईन. तोवर त्या सासरी आणि मीही सासरी.

माहेर नसलेली तुझी बहीण,
वंदना