सूनबाईंबरोबर वाघजाईच्या घळीत

निगडी प्राधिकरण,
मंगळवार, सकाळ

आदरणीय व्याही श्री. दादासाहेब यांस,

सोपानरावांचा मनापासून रामराम. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. तिकडे आपले गुडघे, विहीणबाईंचं पथ्य आणि बार्शीचं ऊन, तिन्ही ताळ्यावर असावीत. (मी पाठवलेलं तेल गुडघ्यांना लावता की नुसतं कपाटात ठेवता, ते विहीणबाईंना विचारून कळवा.) खरं तर फोनच केला असता, पण फोनवर आपण दर दोन वाक्यांनी "बरं, ठेवू का?" म्हणता, आणि मला जे सांगायचंय ते दोन वाक्यांत मावणारं नाही. रविवारी मी सायकलवरून वाघजाईची अख्खी घळ उतरलो. जंगलातली. आपल्या लेकीबरोबर. आता बसून वाचा.

झालं असं की दिव्याच्या कंपनीतली चार-पाच जणं रविवारी सायकली घेऊन आंदर मावळात जातात. तिने आणि आमच्या सुजितने भाड्याच्या दोन सायकली आणून दारात लावल्या, आणि शनिवारी संध्याकाळी चाकणहून सुजितला निरोप आला की उद्या ओव्हरटाइम, यावंच लागेल. दिव्याने एका सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली आणि आत गेली. आता आपल्याला म्हणून सांगतो, लग्नाला दीड वर्ष झालं तरी आम्हा सासरा-सुनेचं बोलणं "चहा ठेवू का?" आणि "ठेव" याच्या पुढे सरकलं नव्हतं. भांडण नाही हो. ती दिवसभर कंपनीत, मी रिटायर होऊन दिवसभर घरात, आणि जेवताना टीव्ही एकटाच बोलतो. त्यामुळे "मी येतो उद्या" हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मलाही कळलं नाही. वर हेही म्हणालो की अकरा वर्षं निगडी ते चाकण ड्यूटी सायकलवर केलेल्या माणसाला सायकल कोण शिकवणार. आमच्या सौ.नी ऐकलं आणि मुकाट्याने हळदीचा डबा ओट्यावर काढून ठेवला.

पहाटे दिव्याने मान खाली घालून एक पिशवी माझ्या हातात दिली. आत सुजितची तंग चड्डी. तिला आतून गादी शिवलेली. (व्याह्यांशी हा विषय काढू नये हे मला कळतं, पण गाळला तर पुढचं समजणार नाही.) मी ती पॅंटच्या आतून चढवली आणि वडेश्वरपर्यंत टेम्पोत बसल्या बसल्या विचार करत राहिलो, की एवढी शिकलेली माणसं गादी पोटाकडच्या बाजूला का शिवतात. सायकलवर बसल्यावर पहिल्याच दगडाने उत्तर दिलं. चड्डी मी उलटी घातली होती. मग करवंदीच्या जाळीमागे जाऊन ती सुलटी करेपर्यंत त्या टोळीचा म्होरक्या सिद्धेश आकाशाकडे बघत उभा राहिला. पोरगं संस्कारी आहे.

दादासाहेब, घळ म्हणजे काय ते मी इतकी वर्षं इथे राहून पाहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंना डोंगराच्या उभ्या भिंती, वर आभाळाची एक चिंचोळी पट्टी, खाली ओढा, आणि मधे जांभळीच्या, हिरड्याच्या झाडांतून जेमतेम एका चाकाची वाट. अर्धी वाट सायकल आपल्याला नेते, उरलेली अर्धी आपण तिला खांद्यावर घेऊन धोंड्यांवरून चालतो. चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे घडवत, प्रेसच्या दणदणाटाशेजारी काढल्यामुळे माझे कान अधू झालेत असं डॉक्टर म्हणतात. पण तिथे कुठला तरी पक्षी अगदी माणसासारखी शीळ घालत होता आणि ती मला दोन वळणं आधीपासून ऐकू येत होती. मी थांबून ऐकत राहिलो की दिव्याही पुढे थांबायची. घाई करायची नाही.

घळीच्या ऐन मध्यावर त्यांच्यातल्या अजिंक्यची सायकल दगडावर आपटली. गिअरचा हात वाकला, चेन तुटली. मोबाइलला रेंज नाही, मागे चढायला तीन तास, आणि ते विमानासारखं यंत्र हातात धरून सगळे इंजिनिअर एकमेकांकडे बघत उभे. मी म्हटलं, सरका. सिद्धेशच्या पिशवीत चेनची पिन काढायचं अवजार होतं. तुटलेल्या कड्या काढल्या, चेन आखूड केली, तो वाकडा हात वगळून ती मधल्या एकाच चक्रावर बसवली. वीस मिनिटांत चाक फिरलं. गिअर एकच राहिला, पण तेवढ्यावरच आमच्या पिढीने संसार केले. सिद्धेशने विचारलं, काका, तुम्ही करता काय? मी तोंड उघडायच्या आत दिव्या म्हणाली, "माझे सासरे टूलरूमला होते." तिने ते ज्या आवाजात सांगितलं, तसं माझ्या निरोप समारंभात साहेबांनाही जमलं नव्हतं.

इथे माझं डोकं फिरलं हे कबूल करतो. पुढचा उतार मी सगळ्यांच्या पुढे काढला. मागून दिव्या ओरडत होती, "बाबा, वजन मागं टाका! उजवा ब्रेक दाबू नका!" आता आमच्या जुन्या सायकलला दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले तरी ती विचार करून थांबायची. हिचा उजवा, म्हणजे पुढच्या चाकाचा, मी तसाच दाबला. सायकल जागच्या जागी थांबली. मी नाही थांबलो. कारवीच्या झुडपांवरून ओढ्यात गेलो, आणि पाण्यात बसल्या बसल्या, का कोण जाणे, मला हसू फुटलं. दिव्या आधी रागावली, चांगली रागावली, मग तीही धोंड्यावर बसून डोळे पुसेपर्यंत हसली. परत येताना टेम्पोत ती देहूरोडपर्यंत बोलत होती. शाळेतलं, आपल्या दुकानातलं, विहीणबाईंनी तिला झाडावरून उतरवायला शिडी मागवली तेही.

माझी काळजी नसावी. किरकोळ खरचटलं आहे. विहीणबाईंना नमस्कार, आणि त्या तेलाचं तेवढं मनावर घ्या.

आपला,
सोपानराव

ता. क. १ : अक्षर वळणदार दिसलं असेल. ते दिव्याचं आहे. माझं उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. चड्डीचा भाग लिहिताना तिने दोनदा पेन खाली ठेवलं.

ता. क. २ : हे मी डाव्या हाताने लिहितो आहे. ती चहा ठेवायला गेली आहे. लग्नाच्या बैठकीत "मुलीची सायकल माहेरीच राहू दे, आमच्याकडे ते चालायचं नाही" असं मी चार माणसांत बोललो होतो. आपण मान डोलावली होती. ती मान मी डोलवायला लावली, हे मला त्या ओढ्यात कळलं. माझा हात धुताना ती म्हणाली, "माझी सायकल असती ना बाबा, तर तुमच्या आधी खाली पोचून झेललं असतं तुम्हाला." तर ती पाठवून द्या. तिला सांगू नका. आणि पार्सल करताना सीट खाली करू नका, तिच्या मापाला लावलेली असेल.