झुरळवाल्याची फाइल

बुधवार, ४ मार्च. सकाळी, मीटिंगहून आल्यावर.
आमच्या बिझनेस ग्रुपमध्ये आज पुन्हा झुरळवाल्यावरची तीन टेस्टिमोनियल्स, म्हणजे कौतुकाची पत्रं, वाचली गेली. धंदा पेस्ट कंट्रोलचा, आविर्भाव हार्ट सर्जनचा. त्याची पत्रांची फाइल आता मिटत नाही. माझी अजून कोरी. कारण उघड आहे. पडदा छान असला की लोक खिडकीचं कौतुक करतात, माझ्यासारखा पडदेवाला आठवत नाही. मी जळत वगैरे नाही. नोंद म्हणून लिहितोय.
निश्चय: आपण दुसऱ्यांवर भरभरून लिहायचं. लाजेकाजेस्तव तरी परतफेड करतील.

बुधवार, ११ मार्च.
केटररबाईंवर असं काही लिहिलं की बाईंनी डोळे पुसले. मग पर्समधून कागद काढला. मी सावरून बसलो. कागद झुरळवाल्यावर होता.
अंगाचा तिळपापड झाला. टाळ्या वाजवल्या, पण आवाज न करता.

गुरुवार, १२ मार्च.
नवा बेत. झुरळवाल्यावर मीच लिहायचं. वरून कौतुक, आतून चिमटे. पण ग्रुपचा नियम: ज्याच्याकडून काम करून घेतलंय, त्याच्यावरच लिहायचं. म्हणजे त्याला घरी बोलावणं आलं. बायको म्हणाली, अहो, वर्षभर तेच सांगतेय. तिला म्हटलं, हा धोरणाचा भाग आहे.

शनिवार, १४ मार्च.
आला. वेळेआधी आला (आगाऊपणा). बूट बाहेर काढले (दिखाऊपणा). सिंकखाली आडवा झाला, अवाक्षर नाही (शिष्टपणा). जाताना हॉलच्या खिडकीवरची चादर पाहून विचारलं, पडदे धुवायला गेलेत का. बायको म्हणाली, लग्नापासून धुवायलाच गेलेत. दोघंही हसले. यात हसण्यासारखं काय आहे? घरच्या पडद्यांचं कापड मी अजून निवडतोय. चांगल्या कामाला वेळ लागतो.

मंगळवार, १७ मार्च.
झुरळ औषधालाही नाही. बायको ओट्यापाशी गुणगुणतेय. माझ्या धंद्यावरून कधी गुणगुणली नाही.
पत्र तयार. 'हा माणूस गोड बोलत नाही. बोलतच नाही. झुरळं पुन्हा कधीच येणार नाहीत, अशी हमी देत नाही. दोन दिवस घराला वास येतो. त्यानंतर त्याची आठवण राहत नाही, आणि झुरळंही नाहीत.' शेवटचा वार जिव्हारी लागणार.

बुधवार, १८ मार्च.
वाचलं. सगळ्यांच्या उभं राहून टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, इतकं खरं टेस्टिमोनियल या ग्रुपने आजवर ऐकलं नव्हतं. चौघांनी झुरळवाल्याला तिथल्या तिथे बोलावणं दिलं.
मग तो उठला. हातात कागद, तिथेच खरडलेला. माझ्यावर! त्याने वाचलं: यांचे पडदे मी पाहिलेले नाहीत, यांच्या घरीही नाहीत. पण यांच्यासारखं लिहिणारा माणूस शोधून सापडणार नाही.
फाइलमध्ये पहिला कागद लागला. चहाच्या वेळी सगळ्यांनी मला गराडा घातला. प्रत्येकाला लिहून हवंय. पडद्यांबद्दल एकानेही विचारलं नाही. संकोच वाटत असणार.

बुधवार, २५ मार्च.
आमच्या ग्रुपमध्ये एका धंद्याचा एकच सभासद, एकच खुर्ची. आज सर्वानुमते माझी खुर्ची 'पडदे'वरून 'लेखन' अशी बदलली. बढतीच म्हणायची. मानधन तूर्त चहा. रिकाम्या झालेल्या पडद्यांच्या खुर्चीवर झुरळवाल्याच्या साडूला घेतलं. तोही फारसा बोलत नाही. टिकायचा नाही.
दुपारी घरी आलो तर तोच साडू आमच्या हॉलमध्ये, स्टुलावर उभा राहून खिडकीचं माप घेत होता. बूट दाराबाहेर. बायको म्हणाली, शनिवारी लावून देणार आहेत. वर म्हणाली, अहो, त्यांच्यावर तुम्हीच छानसं लिहा, नवीन माणसाची फाइल कोरी बरी दिसत नाही.
लिहायला बसलोय. माप घ्यायला चादर उतरवलीय, खिडकीतून ऊन थेट वहीवर येतंय. शनिवारनंतर येणार नाही.