मुंगूसमामांच्या फेट्याची अक्षरं

॥ श्री ॥
सातारा, ता. ९ जानेवारी १९४७

चि. दादासो यास विजयमालाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. थंडी मनस्वी आहे. तुझ्या हरणाबाईचे पाय कसे आहेत ते लिही. तू आपण होऊन कधी कळवायचा नाहीस.

कारण निराळंच आहे. माझ्या बनूच्या मैत्रिणीनं शाळेत ‘मुंगूसमामांचा फेटा’ नावाचं गोष्टीचं पुस्तक आणलं. तुमच्याच छापखान्याचं, वर लेखक म्हणून तुझे मालक नानासो यांचं नाव. इथं पोरापोरांच्या तोंडी तीच गोष्ट आहे. दादासो, ती गोष्ट माझी आहे. बनूचे वडील पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होते, पोर जेवायची नाही, म्हणून मी ती रचली. बोरूनं वर गोष्टीचं नाव काढून कागद तुझ्याकडे दिले होते. छापखान्याचं छप्पर गळून त्यांचा लगदा झाला, असं तू सांगितलंस.

आता बनू विचारते, की गोष्ट मीच रचली असं तिला खोटं का सांगितलं. मैत्रिणी चिडवतात. तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय.

नावाची अक्षरंही माझ्याच हातची वाटतात. भ्रमही असेल. पुस्तक विकत आणून कव्हर सोबत धाडते आहे. ही छपाईच्या कोणत्या खिळ्यांची अक्षरं, तेवढं पाहून कळव, म्हणजे मनातलं किल्मिष जाईल. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी अक्का

॥ श्री ॥
सांगली, ता. १७ जानेवारी १९४७

ती. अक्कास दादासोचा शि. सा. नमस्कार वि. वि. पत्र वाचून हसू आलं. हरणाचे पाय बरे आहेत, तोंडाला मात्र आराम नाही.

कव्हर पाहिलं आणि परत धाडलं आहे. ‘मुंगूसमामांचा’ हे मुंबईच्या खिळे ओतणाऱ्या फौंड्रीच्या ठळक खिळ्यांत आहे, आणि ‘फेटा’ तेवढा नक्षीच्या खिळ्यांत जुळवलाय. रोज माझ्या बोटांखालनं जातात, बघताक्षणी ओळखले. गोष्टीचं म्हणशील, तर मुंगूस कुणाच्या परड्यात येत नाही? दोघांना एकच सुचू शकतं. मालक मोठे गृहस्थ आहेत. कुणापाशी बोलू नकोस, आपलंच हसं होईल. बनूला मामाचा गोड पापा. धाकट्यावर माया असू दे.

तुझा दादासो

॥ श्री ॥
सातारा, ता. २ फेब्रुवारी १९४७

चि. दादासो यास आशीर्वाद. तुझं पत्र घेऊन मी इथल्या छापखान्यात गेले. तिथं खिळे जुळवणारे आप्पासो जुळारी ओळखीचे. त्यांनी फौंड्रीचं नमुन्याचं पुस्तक पुढं ठेवलं. तू सांगितलेले ठळक खिळे त्यात आहेत, पण कव्हरावरची अक्षरं ती नव्हेत. नक्षीचा ‘फेटा’ तर कुठंच सापडला नाही.

मग मी नुसत्या म कडे पाहत बसले. खिळे एका साच्यातनं निघतात, म्हणून एकाच छपाईत म सारखा म्हणजे सारखाच. या नावात तीन म आहेत आणि तिन्ही निराळे. पहिल्याची गाठ फुगीर, दुसऱ्याची बसकी, तिसऱ्याची फुटलेली. तिसरा म काढताना माझा बोरू चिरला होता.

तू जुळारी. तुला हे दिसलं नाही, असं कसं मानू? एकट्या मालकांनी नेलं असतं, तर परक्यानं नेलं म्हणून सोडून दिलं असतं. माझं नाव छापू नकोस. फक्त एकदा ये, आणि गोष्ट तिच्या आईची आहे असं बनूला तुझ्या तोंडानं सांग. वाट पाहते.

अक्का

॥ श्री ॥
सांगली, ता. २० फेब्रुवारी १९४७

ती. वन्सं यास्नी हरणाबाईचा नमस्कार. अक्षार वाईट हाय, समजून घ्यावं.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आन् कामावर गेलं. सांजचं येताना छापखान्यातनं तुमच्या अक्षरांवरनं कोरल्याला लाकडी ठसा घिऊन आलं आन् पाण्याच्या बंबात जाळायला घातला. मी इचारलं, तवा म्हणालं, की आता पुढच्या खेपंला खिळं लावू, मग अक्काला बोलायला जागाच ऱ्हाणार न्हाई.

वन्सं, छप्पर कवाच गळलं न्हवतं. कागद ह्यांनीच मालकास्नी दिलं. बाईच्या नावाचं पुस्तक कोण घेणार असं मालक म्हणालं, आन् ह्यांनी मान डोलावली. फोरमन झालं ते त्याच पायी. मला वाटायचं, तुमास्नी सांगूनच झालं आसंल. तुमचं पत्र चोरून वाचलं तवा कळलं. लय वाईट वाटलं.

ह्ये बनूला वाचून दावा. माझं नाव झाकू नगा, हितं काय व्हायचं ते हुईल. माज्यावरची माया पातळ करू नगा.

तुमची हरणा

॥ श्री ॥
सातारा, ता. १ मार्च १९४७

चि. सौ. हरणाबाई यास अनेक आशीर्वाद. तुझं अक्षर मला स्वच्छ लागलं.

दादासोला लिहायला बसले होते. ‘चिरंजीव’ लिहिलं आणि पुढं हात चालेना. तो जगो, सुखी राहो. पण यंदा भाऊबिजेला मी पाट मांडणार नाही, एवढं त्याला सांग. आणि या पत्रापायी त्यानं तुला बोल लावला किंवा हात उगारला, तर त्याच दिवशी साताऱ्याची गाडी धर. विचारायला थांबू नकोस.

बनूला तुझं पत्र वाचून दाखवलं. माझ्या कुशीत शिरून रडली. आईवर उगाच रुसले म्हणाली. मला वाटलं, मिटलं एकदाचं. पण जरा वेळानं तोंड वर करून तिनं विचारलं, की मामा आपल्यावर एवढा जीव लावतो, मग त्यानं आपलीच गोष्ट का दिली? पोर अजून त्याच प्रश्नाशी बसली आहे, आणि मीही.

तू माझी आहेस, तशीच राहा.

तुझी वन्सं
विजयमाला