बाबांचं बोट

नांदेड, मंगळवार संध्याकाळ

सिस्टीम्स इंजिनिअरिंगच्या सर्टिफिकेट कोर्सचा प्रकल्प आज सहाच्या आत पाठवायचा होता. विषय मीच निवडलेला, बाबांनी तीस वर्षं चालवलेलं पंपहाऊस. पण लकवा मारल्यापासून बाबांकडं ‘हाव’ आणि ‘न्हाई’ एवढे दोनच शब्द उरलेत.

पंपहाऊसची मी काढलेली आकृती त्यांच्यापुढं धरली. त्यांनी एका व्हॉल्व्हवर बोट ठेवलं. “न्हाई.”

“जागा चुकली का, बाबा?”

“न्हाई.”

“हा आधी बंद करायचा असतो?”

“न्हाई!” बोट तिथंच, आणि डोळ्यांत पाणी. अजून काय विचारायला हवं होतं मी? सुचलंच नाही.

सहा वाजत आले, तशीच पाठवून दिली.

आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “काय म्हणले गं?”

“बरोबर हाय म्हणले.”

बाबांनी ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.